इस्त्री, फेरिक आणि पाच नग

कोल्हापुरात वस्तू बाहेरून मागवणं हा थोडा कमीपणाच. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम होतं, लेथ चालतात, पंपाचा मोडका पार्ट नेऊन दाखवला की नवा करून मिळतो. अशा गावात राहून तळहाताएवढी पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांनी सर्किट छापलेली पट्टी, चीनवरून मागवायची? लोक काय म्हणतील!

मला हवं होतं टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं सर्किट. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं आलेलं पाणी आमच्या गच्चीवरून थेट गटारात जात होतं, आणि मोटर चालू कुणी ठेवली यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या आण्णांचं आणि माझं बोलणं बंद व्हायच्या बेताला आलं होतं. एक ५५५ आयसी, म्हणजे टायमरची चिप, एक रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, थोडे रेझिस्टर. "घरीच करू की," मी म्हणालो, आणि घरातल्या इस्त्रीचे दिवस भरले.

घरच्या पीसीबीचा प्रवास झेरॉक्सच्या दुकानातून सुरू होतो. सर्किटचं चित्र गुळगुळीत कागदावर, लेझर प्रिंटरवर आणि उलटं काढावं लागतं. तो कागद तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डावर पालथा ठेवायचा; इस्त्रीच्या उष्णतेनं टोनर, म्हणजे प्रिंटरची काळी पूड, मऊ होऊन तांब्याला चिकटतो, तेव्हा ते सुलट उमटतं.

"उलटं काढू? मग वाचणार कसं?"

"वाचायचं न्हाई, इस्त्री मारायची हाय."

दुकानदारानं माझ्या शर्टाकडं बघितलं आणि गप कागद लावला.

इस्त्रीत सगळी मेख आहे. जोर कमी पडला तर निम्मं सर्किट कागदावरच राहतं, जास्त झाला तर शेजारशेजारच्या रेघा पसरून एकमेकींच्या गळ्यात पडतात. नंतर बोर्ड पाण्यात भिजत घालायचा आणि कागदाचा लगदा अंगठ्यानं हळूहळू चोळून काढायचा. आयसीच्या दोन पायांत अंतर असतं २.५४ मिलिमीटर. त्या फटीत अडकलेले कागदाचे पांढरे तंतू जुन्या टूथब्रशनं काढताना श्वास आपोआप रोखला जातो. अशाच वेळी बेल वाजते.

मग फेरिक क्लोराइड, टोनरनं न झाकलेलं तांबं खाऊन टाकणारं रसायन. बाजारात सगळे नुसतं 'फेरिक' म्हणतात. हे द्रावण स्टीललाही खातं, म्हणून घरातल्या भांड्यांना हात लावायचा नाही. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यायचा आणि हातमोजे घालायचे. पाणी आधी, फेरिक मागून, थोडं थोडं. गरम पाण्याच्या परातीत डबा ठेवून हलवत राहिलं की काम लवकर होतं.

"अहो, कटाची आमटी ओट्यावर उघडी का ठेवलीय?" आतून आवाज आला.

आमटी नव्हे, हे सांगायला मी धावलो आणि डबा हिंदकळला. फेरिकचा डाग पडला की पडला. त्या पिवळट तपकिरी नक्षीला जगातली कुठलीही पावडर दाद देत नाही. वापरलेलं फेरिक मोरीत ओतायचीही सोय नाही, कारण त्यात तांबं विरघळलेलं असतं. तेव्हा ते बाटलीत भरून, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडं त्या बाटलीला बाल्कनीत कायमची जागा मिळाली आहे, मला अजून मिळालेली नाही.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डब्यात बघत बसण्यात मजा आहे. जेमतेम ३५ मायक्रॉनचा तांब्याचा थर आधी फिकट गुलाबी पडतो, मग कडेकडेनं नाहीसा व्हायला लागतो, खालचा पिवळसर फायबर दिसतो, आणि शेवटी काळ्या टोनरखालच्या रेघा तेवढ्या उरतात. १९३६ च्या सुमारास पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं छापील सर्किटचा रेडिओ केला, तोही लंडनमध्ये भाड्याच्या जागेत राहून. त्यांच्या घरमालकाबद्दल मला अपार सहानुभूती आहे.

राहिली भोकं. ०.८ मिलिमीटरचा ड्रिल मागायला उद्यमनगरात गेलो, तर काउंटरवरचा म्हणाला, "एवढा बारीक? दात कोरायचा हाय काय, भावा?" तो बिट हात जरा तिरका झाला की मोडतो. भोकं पाडून झाली, बोर्ड चाललाही, पण त्याचं रूप असं की त्याला उघड्यावर लावायला धीर होईना.

शेवटी मागवलाच. संगणकावर गर्बर फायली, म्हणजे कारखान्याला समजणारे बोर्डाचे नकाशे, काढल्या, झिप करून चीनमधल्या शेन्झेनच्या एका कारखान्याला धाडल्या. जाडी १.६ मिलिमीटर, रंग कुठला ते निवडा. "लाल घ्या, टाइल्सला शोभतोय," असा सल्ला मिळाला. बोर्ड स्वस्त, कुरिअर महाग, वर कस्टमची भर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! कोल्हापूरकराला याचं वाईट वाटू नये, मसाल्यावर खर्च करायची सवय असते.

आलेला माल मात्र देखणा. भोकांतून आतपर्यंत तांबं चढवलेलं, हे घरी सात जन्मात जमायचं नाही. अक्षरं पांढरीशुभ्र, कडा गुळगुळीत. अडचण इतकीच की तिकडं आपण धाडलं तेच छापतात. घरचा बोर्ड सकाळी चुकला तर संध्याकाळी दुसरा होतो. तिकडं चुकीची रेघही तितक्याच सुबकपणे सगळ्या नगांवर येते, आणि पुन्हा कुरिअरचे पैसे. म्हणून मी पहिला प्रयोग फेरिकमध्ये करतो आणि पक्का बोर्ड मागवतो. इस्त्री आता कायमची माझी आहे. कपड्यांसाठी घरात नवी आलीय, तिला मी हात लावायचा नाही.

एकाची गरज असली तरी येतात पाच. एक टाकीला लागला. मोटर वेळेवर बंद व्हायला लागली तसे आण्णा स्वतःहून बोलायला आले. उरलेले चार नग उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "मळ्यावरच्या मोटरीला चालंल काय रं?"

"चालेल की आण्णा. तुमची थ्री-फेज. रिलेनं स्टार्टरची कॉइल चालवायची, बास."

आण्णांनी चारही खिशात टाकले.

"पाचच का मागवलास? आमच्या भावकीतच सात मोटरी हायत."