'चकमकीत ठार' हे वाक्य नेमकं कुणाचं?

पोलिसांच्या गोळीने माणूस गेला की पहिल्या दोन तासांत येणाऱ्या बातमीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: गोळी झाडणाऱ्या पथकातल्याच कुणीतरी दिलेली फिर्याद. तिचीच प्रेसनोट होते, तीच वाहिन्यांवर चालते, तीच दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत छापून येते. मग कुणी म्हणतं, "दहा ठिकाणी आलंय, खोटं कसं असेल?" दहा ठिकाणी आलं तरी स्रोत एकच. आणि त्या फिर्यादीत आरोपी असतो तो मेलेला माणूस, पोलिसांवर जीवघेणा हल्ला केल्याबद्दल. आरोपीच मयत म्हटल्यावर तो गुन्हा 'अबेटेड समरी' (आरोपी मेल्यामुळे प्रकरण संपलं असा अहवाल) होऊन बंद होऊ शकतो. म्हणजे घटनेची एकच बाजू कागदावर येते आणि तीही न तपासता फाइलबंद होते.

म्हणून माझं मत ठाम आहे. अशा मृत्यूंबद्दल लिहिताना 'चकमक' हा शब्द पोलिसांच्या तोंडीच ठेवावा: "चकमकीत मृत्यू झाल्याचं पोलिसांनी सांगितलं." भारतीय दंड संहितेत 'चकमक' नावाचा वेगळा प्रकार नव्हता, आताच्या न्याय संहितेतही नाही. आहे तो स्वसंरक्षणाचा हक्क, आणि तो वापरला गेला की नाही हे न्यायालय ठरवतं.

लखनभैया प्रकरण यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता उर्फ लखनभैयाला एका मित्रासह वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ तो 'चकमकीत' मेल्याचं जाहीर झालं. पोलिसांची कथा उलटवणारा कागद कुठल्याही पेपरात नव्हता. तो होता त्याच्या वकील भावाने, मृत्यूची बातमी येण्याआधी, त्याला उचलून नेल्याचं कळवत पोलीस अधिकाऱ्यांना पाठवलेल्या तारा आणि फॅक्स. तारेवर वेळ असायची, तारघराचा शिक्का असायचा (तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली), आणि ती घटनेनंतर बदलता येत नसे. अशा प्रकरणात स्रोत निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा कागद मृत्यूच्या आधीचा की नंतरचा, आणि तो कुणाच्या ताब्यात होता?

उच्च न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने २००९ साली हा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाल्याचं म्हटलं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं आणि चकमकींसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडलं. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती निर्दोष मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आकड्यांत घोळ होतो तो इथे. २०१३ साली दोषी ठरलेल्या २१ मध्ये १३ पोलीस होते. २०२४ साली १३ जणांची शिक्षा कायम राहिली, पण हे १३ वेगळे: १२ पोलीस आणि १ खासगी व्यक्ती. ६ जण सुटले, २ जण अपील चालू असतानाच वारले होते. "१३ पोलिसांची शिक्षा कायम" असं कुणी लिहिलं तर ते चूक. शर्मा धरून दोषी पोलीस पुन्हा १३ होतात, त्यामुळे चूक सहज खपून जाते. उपाय एकच: बातमीवरून बातमी न लिहिता निकालपत्राचा शेवटचा, आदेशाचा भाग उघडून नावं मोजायची.

आता अशा मृत्यूची नोंद कोणत्या वर्गात करायची ते. सगळा गोंधळ होतो तो चार वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबल्यामुळे. माणूस ताब्यात होता का? मृत्यू कशाने झाला? पोलिसांचं म्हणणं काय? न्यायालयीन स्थिती काय? चार रकाने करा, प्रत्येकासमोर तारीख टाका. ताबा हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही, कारण त्यावरून चौकशी कुणी करायची ते ठरतं. कोठडीत मृत्यू झाला तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६(१अ), आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६, यांनुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. ताब्यात नव्हता असं धरलं की चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते.

बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीला २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागली. सगळीकडे 'एन्काउंटर' झालं. पण तो पोलिसांच्या ताब्यात होता याबद्दल पोलिसांचंही दुमत नव्हतं. मग पहिला रकाना 'कोठडीतील मृत्यू', दुसरा 'पोलिसांची गोळी'. जानेवारी २०२५ मध्ये चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या टप्प्यावर चौथ्या रकान्यात तेवढंच जायला हवं होतं. चौकशी अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि 'खून' हा शब्द तेवढ्यावर लिहिणं तितकंच चुकीचं. (याच तारखेला, बरोबर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतल्या चकमकींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १६ निर्देश दिले होते. ती याचिका १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि सुमारे १३५ मृत्यूंबद्दल होती.)

ते १६ निर्देश कागद शोधायला फार उपयोगी पडतात. पोलिसांना खबर मिळाली असेल तर ती आधी लेखी नोंदलेली हवी. तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे हवा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण हवं. पथकाची शस्त्रं तपासासाठी जमा करायची. यातला प्रत्येक टप्पा कागद मागे ठेवतो. खबरेची नोंद नसेल तर "नोंद आढळली नाही" असं तारखेसह लिहा. तीही माहितीच आहे.

शवविच्छेदन अहवाल वाचताना एक चूक हमखास होते. जखमेभोवती काळेपणा किंवा बारीक ठिपके दिसले तर पिस्तुलाची गोळी साधारण हाताच्या अंतरातून आली असं मानतात. ते नसले की लोक लगेच लिहितात, "लांबून मारली." पण जखम कपड्याखाली असेल तर काजळी कापडावरच अडते. कपडे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले का, धुतले गेले का, हरवले का, हे कळल्याशिवाय अंतरावर बोलू नये. हातावरच्या बारूदकणांचंही तसंच. धुतल्याने, पुसल्याने ते जातात, आणि शेजारी गोळी झाडली तरी ते हातावर बसतात. निव्वळ त्यावरून "त्यानेच गोळी झाडली" असं ठरत नाही.

नवा निकाल आला की चौथ्या रकान्यात नवी ओळ घाला. जुनी खोडू नका. लखनभैया प्रकरणात २०१३ चा निकाल खोडला तर २०२४ मध्ये नेमकं काय बदललं हेच वाचणाऱ्याला दिसणार नाही. आणि त्या दिवशी वाशीतून सोबत उचललेला मित्र, खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार, २०११ साली साक्षीच्या काही दिवस आधी बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला, ही ओळसुद्धा तिच्या तारखेसह त्याच पानावर राहायला हवी.