ठासणीची बंदूक इनलाइनने मारली, असं म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या शिकारी मंडळींत एक मजकूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: १९८५ साली इनलाइन (ठासणीचीच, पण दारू पेटवणारी टोपी नळीच्या सरळ रेषेत मागे बसवलेली बंदूक) आली आणि ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या, पारंपरिक बंदुकीचा बाजार उठला. नव्या पोरांना धीर नाही, उरलंसुरलं कायद्याने गिळलं. तेव्हा मिळतेय तोवर एखादी हॉकन, म्हणजे जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक, घेऊन ठेवा, भाव चढणारच. बाजार आटला हे खरं. बाकीचं तपासून पाहू.

टोनी नाइट यांची एमके-८५ ही इनलाइन १९८५चीच. टोपी थेट दारूच्या मागे, वर दुर्बीण बसते, दमट हवेत भरवसा जास्त. शिकारी तिकडे वळले यात नवल नाही. पण मुळात ते जुन्या धाटणीच्या बंदुकीकडे आले कशाला होते? थॉम्पसन सेंटर या कंपनीची हॉकन १९७०ची. १९७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने जुन्या काळाची हौस वाढवली, तरी दुकानातलं मोठं गिऱ्हाईक हौशी नव्हतंच. राज्यांनी ठासणीच्या बंदुकीला हरणांचा वेगळा हंगाम दिला होता आणि या गिऱ्हाइकाला ते जादा दिवस हवे होते. नियमात बसेल ती सगळ्यांत सोपी बंदूक तो घेणार. नियम सैल झाले तसा तो इनलाइनकडे गेला, आणि आणखी सैल झाल्यावर तिलाही सोडायला मोकळा झाला. ओहायोने २०१४मध्ये सरळ (पुढे निमुळती न होणाऱ्या) पुंगळीच्या काडतुसांच्या रायफली हरणांसाठी खुल्या केल्या. मग नळीच्या तोंडातून दारू ठासत कोण बसतो? खुद्द नाइटची कंपनी २००९मध्ये बंद पडली आणि पुढे दुसऱ्या मालकाकडे गेली. इनलाइनवर भर देणारी थॉम्पसन सेंटर २०२१मध्ये विक्रीला निघाली. मारेकरी म्हणावा, तर तोही त्याच खाटेवर! उलट पेनसिल्व्हेनियात १९७४ साली सुरू झालेला चकमकीच्या (टोपीऐवजी गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीचा हिवाळी हंगाम अजून आहे, म्हणून तिथे चकमकीला गिऱ्हाईकही आहे.

पोरांना धीर नाही म्हणणाऱ्यांनी ओहायोतल्या किब्लर कंपनीचे, बंदूक घरी जोडायचे संच पाहावेत. दस्ता संगणकी यंत्रावर कोरलेला येतो, पण जोडणी, घासणी, लाकडाचा रंग सगळं घेणाऱ्याने करायचं, तेही चांगलाच खर्च करून. आटली आहे ती दुकानाच्या फळीवरची मध्यम किमतीची तयार बंदूक.

कायद्याचं म्हणाल तर १९६८च्या संघीय कायद्याने ठासणीच्या जुन्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती बहुतांशी नेहमीच्या बंधनांतून वगळल्या. काही राज्यांचे नियम कडक आहेत, तेवढंच.

खरी नस दारूची आहे, आणि तिचा या मजकुरात उल्लेखही नाही. काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू इनलाइनमध्ये छान पेटते. चकमकीच्या ठिणगीला मात्र ती दाद देत नाही, कारण तिला पेटायला उष्णता जास्त लागते. तिथे रंजकालाही, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या बाहेरच्या चिमूटभर दारूलाही, खरी काळी दारूच हवी. (रंजक कानापर्यंत, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या भोकापर्यंत, गच्च भरलं तर ते वातीसारखं जळतं आणि बार उशिरा होतो, नवखे इथेच चिडतात आणि दोष बंदुकीला देतात.) अमेरिकेत ही दारू बनवणारा लुइझियानातल्या मिंडेनचा गोएक्सचा कारखाना २०२१मध्ये बंद झाला. एस्टीस या कंपनीने तो २०२२मध्ये घेतला. मधल्या काळात ज्याला दारूच मिळेना, तो नवी बंदूक कशाला घेईल?

राहिला भाव. सत्तरच्या दशकातल्या हॉकन घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत. शिशाच्या गोळीने नळी सहसा झिजत नाही, त्यामुळे त्या जुन्या बंदुकाच नव्यांशी स्पर्धा करतात. गुंतवणूक म्हणून घेऊ नका. वापरायला घ्यायची असेल तर आधी गज (दारू ठासायची काठी) नळीत सोडून तो किती आत जातो ते बाहेरून ताडून पाहा, कारण कपाटातल्या बंदुका कधीकधी भरलेल्या निघतात. रिकामी असल्याची खात्री झाली की गजाला पांढरी चिंधी लावून तळापर्यंत फिरवा. चिंधी तांबूस आली किंवा तळाशी अडकू लागली, तर ती हॉकन कितीही स्वस्त असो, विकणाऱ्यालाच लखलाभ.