तिजोरीत शिल्लक राहिली, तर घाबरू नका

समजा, उद्या तुम्ही राज्याचे अर्थमंत्री झालात. हसू नका, या राज्यात शपथविधी पहाटेसुद्धा होतो. खातं कळायला तुम्हाला दोन महिने लागले, तिसऱ्या महिन्यात मार्च उजाडला, आणि एका संध्याकाळी सचिवसाहेबांनी केबिनचं दार लावून घेत हलक्या आवाजात सांगितलं, "साहेब, पैसे उरलेत."

अशा वेळी आधी पाणी प्या. मग एवढंच बघा, की ही बातमी शिक्षण खात्याच्या मजल्यापर्यंत पोचता कामा नये. बाकी सगळं निस्तरता येतं.

असं कधी होत नाही, असं तुम्हाला वाटेल. होतं, आणि आपल्याच महाराष्ट्रात झालंय. २०१७-१८ चे हिशेब लागले तेव्हा २,०८२ कोटींची महसुली शिल्लक निघाली. पुढच्या वर्षी तर कमालच झाली. अंदाजपत्रकात १५ हजार कोटींहून अधिक तूट दाखवली होती, आणि वर्षाअखेर ११,९७५ कोटी शिल्लक! तुमच्या गल्लीत कोणी पेढे वाटल्याचं आठवतंय? चौथीच्या वर्गाला नवा फळा आल्याचं? नाही ना? याला म्हणतात अर्थव्यवस्थापन.

आता तंत्र शिकून घ्या. सरकारकडे दोन वह्या असतात. एकीत महसुली शिल्लक किंवा तूट लिहितात, म्हणजे करांतून आलेल्या पैशातून पगार, व्याज, अनुदानं भागवल्यावर काय उरलं ते. दुसरीत राजकोषीय तूट. तिच्यात रस्ते, पूल, धरणं हा भांडवली खर्चही धरतात आणि मग कर्ज किती काढावं लागलं ते कळतं. पहिल्या वहीत शिल्लक असली तरी दुसरीत तूट असतेच. विरोधकांना पहिली वही दाखवा, मास्तरांना दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, त्यामुळे रात्री झोपही नीट लागते.

आणि शिल्लक पडलेल्या वर्षात शाळांबाबत काहीच करू नका असं मी म्हणत नाही. करा की! २०१७ च्या डिसेंबरात, म्हणजे त्या दोन हजार कोटी शिलकीच्या वर्षातच, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला. त्यामागे पैशाचा प्रश्न नसून गुणवत्तेचा आहे, असं सांगितलं गेलं. त्यात खोटं काय? पैशाचा प्रश्न नव्हताच, पैसे होते.

फक्त 'बंद' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. दुकान बंद होतं, गिरणी बंद पडते. शाळेचं 'समायोजन' होतं. २०२३ साली त्याहून सुरेख शब्द निघाला: 'समूह शाळा'. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या, त्यांत मुलं १,८५,४६७. भागाकार केलात तर शाळेमागे साडेबारा मुलं येतात. (अर्धं मूल कुणाचं, हे विचारू नका. ते बहुधा ऊसतोडीला गेलेलं असतं.) नमुना म्हणून पानशेत आणि सातपुड्यातलं तोरणमाळ दाखवायचं आणि सांगायचं, की लहान लहान शाळांपेक्षा एक मोठी, सुसज्ज शाळा बरी, आणि मुलांना बस देऊ. कल्पना वाईट नाही. फक्त सहा वर्षांच्या पोरीला घेऊन श्रावणातला ओढा ओलांडायचा ड्रायव्हर खर्चाच्या कोणत्या हेडखाली बसतो, एवढं बघून ठेवा. शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत आहे, पण तो कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तारीख बघूनच लोकांनी समजून घ्यायला हवं होतं.

मुळात शिल्लक येते कुठून, हे एकदा तुम्हाला कळलं, की पुढचं सगळं सोपं जातं. शिल्लक आभाळातून पडत नाही, पिकवावी लागते. तिचं सगळ्यांत खात्रीचं वाण म्हणजे रिक्त पद. भरलेलं पद पगार मागतं, महागाई भत्ता मागतं, म्हातारपणी निवृत्तिवेतन मागतं. रिक्त पद काही मागत नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली आणि पवित्र पोर्टलवरून निवडीची पहिली यादी लागली ती २०१९ मध्ये. मधल्या सात वर्षांत डी.एड. झालेल्या पोरांनी रिक्षा चालवल्या, शेळ्या पाळल्या, लग्नं पुढं ढकलली. वर सांगितलेली दोन शिलकी वर्षं याच सातांतली. अर्थतज्ज्ञ म्हणतील, तो जीएसटीचा परिणाम होता, केंद्राची भरपाई होती. असेलही. एकट्या मास्तरांच्या पगारातून एवढी रक्कम उभी राहत नाही, हे मलाही कळतं. पण गडी न ठेवता ज्याने शेत पडीक टाकलं, त्याची मजुरी वाचली हे तरी मान्य कराल की नाही?

फारच ओरड झाली, तर निवृत्त शिक्षकाला महिना २० हजारांवर परत बोलवा. २०२३ मध्ये बोलावलं होतं. ज्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण थकलास म्हणून हार घालून घरी पाठवलं, तोच साठीत कमी पैशात ताजातवाना होतो, हा चमत्कार फक्त शिक्षण खात्यात दिसतो.

आता एका धोक्याची सूचना. सभागृहात गणिताचा मास्तर येऊ देऊ नका. ही चूक लॉर्ड कर्झनच्या काळात झाली होती. २६ मार्च १९०२. कलकत्त्याच्या कौन्सिलात, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, सरकारने सात कोटींची शिल्लक जाहीर केलेली, सभासद अर्थखात्याचं अभिनंदन करतायत, सगळं कसं मंगल चाललेलं. आणि फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं गणित शिकवलेला एक रत्नागिरीकडचा गृहस्थ उठला आणि म्हणाला, की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा हिशेब साधा होता: देश दुष्काळातून नुकताच उठतोय, लोक पिचलेत, मिठावर कर आहे, आणि तरीही तिजोरीत एवढं उरतं, याचा अर्थ तुम्ही लोकांकडून हवं त्यापेक्षा जास्त घेतलंय. घेतलंय, तर ते त्यांच्यावर खर्च करा.

नऊ वर्षांनी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयकच आणलं. मागणी केवढी, तर जिथे बऱ्यापैकी मुलं आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती करावी, आणि खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा. १९ मार्च १९१२ ला ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधातली कारणं वाचून बघा, तुम्हाला भाषणाला उपयोगी पडतील. लोकांची तशी मागणीच नाही. करांचा बोजा वाढेल. प्रांतांची तयारी नाही. शंभरावर वर्षं लोटली, पण एकाही कारणाला कसर लागलेली नाही.

त्याच प्रकरणातला सगळ्यांत हुशार डाव मात्र इंग्रजांचा. विधेयक पडायच्या तीन महिने आधी, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात, बादशहाने शिक्षणासाठी दरसाल ५० लाख जाहीर करून टाकले! बघा हं, मागितलं होतं हक्काचं, मिळालं बक्षीस. हक्क दिला की पुढच्या वर्षी माणूस पावती घेऊन दारात उभा राहतो. बक्षीस दिलं की मुजरा करून जातो. तुम्ही शाळेला द्यालच तर सत्कारात द्या, फोटोसह.

त्याही आधी, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करायला नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच सांगून ठेवलं होतं, की महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या पोरांना. फुल्यांचं काय करायचं ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. जयंतीला हार घाला, एवढं पुरतं.

अडचण होईल ती कोल्हापूरच्या दाखल्याने. १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तिजोरीत शिल्लक पडेपर्यंत थांबावं, हे त्यांना कुणी सुचवलेलं दिसत नाही. कुणी हा दाखला दिलाच, तर म्हणा, काळ वेगळा होता. खरोखरच वेगळा होता. तेव्हा पोर शाळेत आलं नाही की बापाला दंड व्हायचा. आता बाप पोराला घेऊन जातो, तर शाळा शेजारच्या गावात गेलेली असते.

कुणी घरपट्टीचं बिल नाचवत आलं आणि 'शिक्षण कर' या ओळीवर बोट ठेवलं, तर गांगरू नका. ती ओळ १९६२ च्या कायद्यापासून आहे. एवढी वर्षं कुणी वाचली नाही, याही वर्षी कुणी वाचणार नाही. दिल्लीकडून धीर घ्या. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावाने २००७ पासून एक टक्का उपकर घेतला, ८३ हजार कोटींहून अधिक जमले, आणि ते ठेवायचा कोश स्थापायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. दहा वर्षं पैसे होते, गल्ला नव्हता. आपल्याकडे निदान बारशाआधी पाळणा तरी बांधतात.

तरीही काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं असेल, तर शाळा दत्तक द्या. तशी योजना आहेच: कंपनीने ठरावीक मोलाची मदत करायची आणि शाळेच्या नावापुढे आपलं नाव लावायचं. आमच्याकडे आईबाप धडधाकट असताना पोर दत्तक दिलं, तर चार माणसं विचारतात, का हो, खायला नव्हतं का घरात? सरकारला कुणी विचारत नाही.

मुळात हा सगळा सल्ला तुम्हाला सध्या लागणारही नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. उरलंच नाही, तर द्यायचं कुठून? त्याच २०२५ च्या जानेवारीत शालेय पोषण आहारातल्या अंड्याचे जादा पैसे थांबले. अंड्यामागे ५ रुपये, वर्षाला सुमारे ५० कोटी. हवं असेल तर लोकवर्गणी काढा, असं शाळांना कळवलं. सात लाख कोटींच्या घरातल्या अंदाजपत्रकात ५० कोटी म्हणजे किती, याचा भागाकार करू नका. मघाशी साडेबारा मुलांनी आपल्याला बराच त्रास दिलाय.

शेवटी एक करा. मंत्रालयातून निघून बारा पोरांच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत जा आणि पोषण आहाराची नोंदवही मागा. तिथे रोज लिहितात: आरंभीची शिल्लक, आजचा वापर, अखेरची शिल्लक. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. बाराच्या बारा आली, तर १ किलो २०० ग्रॅम शिजतो. एखादं गैरहजर राहिलं, की १०० ग्रॅम शिल्लक पडतो. मास्तर तो शाईने लिहितात, खाली सही करतात आणि वरती पाठवतात.