'आकडे येईपर्यंत थांबा' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'हार्थस्टोन' या ब्लिझर्ड कंपनीच्या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळातली नवी कार्डे बाहेर येण्याआधी कशी जोखावीत, यावरचा माझा लेख तुम्ही इतक्या बारकाईने वाचलात आणि मतभेद स्पष्ट शब्दांत मांडलेत, याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचे काही मुद्दे मला मान्य करावे लागणार होते आणि ते नुसते 'हो, बरोबर' म्हणून सोडून देणे योग्य झाले नसते.

तुमचे आक्षेप थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे प्रतिक्रिया न वाचलेल्यांनाही संदर्भ लागेल. मी दिलेली उदाहरणे निकाल हाती आल्यानंतरची आहेत, त्यामुळे त्यांतून काहीच सिद्ध होत नाही, हा पहिला. माना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती) आणि अटॅक-हेल्थ (कार्डाचा मारा आणि जीव) यांचा जुना हिशेब आजच्या खेळात कालबाह्य झाला आहे, हा दुसरा. आणि सर्वांत महत्त्वाचा तिसरा असा, की लाखो सामन्यांचे आकडे आठवडाभरात मिळत असताना आधीच तारे वाटत बसणे म्हणजे लोकांना डस्ट (नवी कार्डे बनवायला लागणारे खेळातले चलन) वाया घालवायला लावणे आहे. याला जोड म्हणून तुम्ही 2017 सालच्या माझ्या परीक्षणाची आठवण करून दिलीत, ज्यात मी कॉरिडॉर क्रीपर या कार्डाला पाचांपैकी एक तारा दिला होता.

तिथूनच सुरुवात करते. ते परीक्षण मी काढून टाकलेले नाही आणि टाकणारही नाही. डिसेंबर 2017 मध्ये आलेले ते कार्ड 7 मानाचे, 5/5 चे (अटॅक 5, हेल्थ 5) होते आणि ते हातात असताना एखादा मिनियन (मैदानात उतरून लढणारे कार्ड) मेला की त्याची किंमत एका मानाने उतरत असे. मी त्याची तुलना 2015 च्या व्होल्कॅनिक ड्रेकशी केली आणि 'असलेच कार्ड आधी येऊन गेले, चालले नाही' असे लिहून मोकळी झाले. पण ड्रेकची सवलत फक्त त्या टर्नमध्ये मेलेल्या मिनियन्सपुरती होती. टर्न संपला की किंमत पुन्हा मूळ पदावर येई. क्रीपरची सवलत साठत जात होती, आणि समोरच्याचे मिनियन मेले तरीही ती मिळत होती. हा एवढा फरक मी वाचला होता, पण मोजला नव्हता. पुढे जानेवारीत पॅलाडिन हा क्लास (पात्राचा प्रकार) घेतलेल्या एका खेळाडूशी खेळताना तो माझ्या डोळ्यांसमोर आला. दोन्ही बाजूंना 1/1 ची चिल्लीपिल्ली, प्रत्येक टर्नला एक-दोन देवाणघेवाणी, आणि पाचव्या टर्नपर्यंत दोघांचे मिळून सात मिनियन पडलेले. समोरच्याने सुरुवातीपासून धरून ठेवलेले दोन्ही क्रीपर फुकट उतरवले आणि वर त्याचे पाचही माना शिल्लक होते. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्लिझर्डने त्या कार्डाचा अटॅक 5 वरून 2 केला.

चूक माझीच होती, त्यात शंका नाही. पण ती आकडे नसल्यामुळे झाली, असे मला वाटत नाही. त्या एका टर्नचा हिशेब मला कार्ड जाहीर झाले त्याच दिवशी कागदावर मांडता आला असता, कारण लागणारी सगळी माहिती कार्डावर लिहिलेली होती. म्हणून या उदाहरणातून 'आधी जोखणे व्यर्थ आहे' असा निष्कर्ष तुम्ही काढता, तिथे माझा मतभेद आहे. मी नीट जोखलेच नव्हते.

आता निकालानंतरच्या शहाणपणाबद्दल. डॉ. बूमचे उदाहरण मी दिले, तेव्हा ते कार्ड गाजले हे मला ठाऊक होते, हे खरेच. पण त्या उदाहरणाचा हेतू वेगळा होता. डिसेंबर 2014 मध्ये 'गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स' हे एक्स्पान्शन (नव्या कार्डांचा संच) आले, त्याआधी अनेक जाणकारांनी डॉ. बूमला साधारण ठरवले होते आणि ट्रॉगझॉरकडून मोठ्या अपेक्षा ठेवल्या होत्या. दोघेही 7 मानाचे. डॉ. बूम 7/7 आणि सोबत 1/1 चे दोन बॉम्ब, ट्रॉगझॉर 6/6 आणि प्रतिस्पर्ध्याने स्पेल (मंत्राचे कार्ड) टाकला की दरवेळी एक 3/5 चा मिनियन. त्या काळी बिग गेम हंटर हे कार्ड 3 मानात 7 किंवा त्याहून अधिक अटॅकचा कोणताही मिनियन मारत असे, म्हणून '7 अटॅक म्हणजे हंटरचे भक्ष्य' हा युक्तिवाद सगळीकडे चालला होता. तो अर्धाच होता. हंटरने डॉ. बूमला मारले तरी दोन बॉम्ब मागे राहत, आणि प्रत्येक बॉम्ब मरताना 1 ते 4, म्हणजे सरासरी अडीच डॅमेज करून जाई. हंटर अचूक वेळी हातात असूनही समोरच्याची सुटका होत नव्हती. ट्रॉगझॉरचे नेमके उलटे होते. त्याची सगळी करामत प्रतिस्पर्ध्याने स्पेल टाकण्यावर अवलंबून होती, आणि टाकायचा की नाही हे प्रतिस्पर्धीच ठरवत होता. 'आपल्या कार्डाचे काय होईल हे कोण ठरवते' हा प्रश्न तेव्हा विचारता आला असता. उत्तर कळायला एकाही सामन्याची गरज नव्हती.

माना आणि अटॅक-हेल्थच्या हिशेबाबद्दल फार लांबण लावत नाही, कारण तिथे तुमचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. 4 मानाला 4/5 देणारा चिलविंड यती सुरुवातीच्या काळात सन्मानाने खेळला जाई. डिसेंबर 2014 मध्ये पायलटेड श्रेडर आला आणि यतीचे दिवस भरले. आज नुसत्या आकड्यांसाठी कोणी मिनियन घेत नाही. तरीही तो हिशेब मी सोडणार नाही, कारण कार्डावरच्या मजकुरासाठी नेमके किती मोजावे लागत आहे, हे त्याच्याशिवाय कळत नाही. कार्ड चांगले की वाईट हे मात्र तो सांगत नाही, आणि माझ्या लेखात ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळली होती, हे मान्य.

खरा वाद आकड्यांवर आहे. तुम्ही सुचवता तसे 'कार्ड हातात आले तेव्हाचा विनरेट' (जिंकण्याची टक्केवारी) पाहिला की काम झाले, असे मीही बराच काळ मानत होते. ऑगस्ट 2017 च्या प्रिन्स केलेसेथ या कार्डामुळे माझे मत बदलले. 2 मानाचे 2/2, आणि डेकमध्ये (खेळाडूने निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) 2 मानाचे दुसरे एकही कार्ड नसेल तर डेकमधल्या सर्व मिनियन्सना +1/+1. दुसऱ्या टर्नला तो हातात यावा म्हणून सुरुवातीची सगळी कार्डे बदलून घेतली, तरी 30 कार्डांच्या डेकमधले ते एक कार्ड पहिल्यांदा खेळणाऱ्याला सुमारे 26 टक्के आणि दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला सुमारे 32 टक्के वेळाच वेळेवर मिळते. त्या सामन्यांत विनरेट उत्तमच दिसणार. पण त्याच्यापायी डेकमधून काढून टाकलेल्या 2 मानाच्या कार्डांची किंमत उरलेल्या सामन्यांत, म्हणजे तो वेळेवर येत नाही तेव्हाही, मोजावी लागते. आला तेव्हा आणि नाही आला तेव्हा, या दोन्ही विनरेटमधला फरक जितका मोठा दिसेल तितका केलेसेथ थोर वाटेल, आणि त्या फरकातला एक हिस्सा 'बाकीचा डेक दुबळा झाला' हाच असेल. त्याची किंमत कळायची तर केलेसेथ असलेला डेक आणि नसलेला डेक यांची तुलना करावी लागते. एकाच डेकच्या आतली तुलना इथे उपयोगाची नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला डिसेंबर 2016 मधला पॅचेस द पायरेट उभा आहे. 1 मानाचा 1/1, चार्ज (उतरताच हल्ला करण्याची मुभा) असलेला, आणि आपण दुसरा कोणताही पायरेट खेळला की डेकमधून स्वतःहून मैदानात उडी घेणारा. तो हातात आला की नुकसान, कारण मग तो फुकट येत नाही. त्याचे सगळे मोल तो डेकमध्येच राहण्यात होते. 'हातात आला तेव्हाचा विनरेट' पाहून ठरवायचे झाले असते तर हे कार्ड डेकमधून पहिले हाकलले गेले असते. प्रत्यक्षात त्या काळात पायरेट असलेल्या डेक्समध्ये त्याच्याशिवाय पान हलत नव्हते, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्याचा चार्ज काढून घ्यावा लागला. म्हणजे एकच आकडा एका कार्डाला फुगवतो आणि दुसऱ्याला लपवतो. कोणते कार्ड कोणत्या बाजूला पडते हे आकडा सांगत नाही. त्यासाठी कार्ड काम कसे करते याचा विचार आधी झालेला असावा लागतो, आणि तोच विचार मी कार्ड बाहेर येण्याआधी करू पाहते.

'खेळले तेव्हाचा विनरेट' हा आकडा तर याहून फसवा आहे. शमन या क्लासचे ब्लडलस्ट (आपल्या सगळ्या मिनियन्सचा अटॅक वाढवणारा स्पेल) कोणी हरताना टाकत नाही. मैदानात पाच मिनियन उभे असले आणि समोरच्याचा हिशेब आज मिटतो असे दिसले, की मगच ते हातातून सुटते. त्याचा विनरेट चांगला दिसतो तो सामना आधीच जिंकत आणलेला असतो म्हणून.

तुम्ही लिहिले आहे की नवा डेक तुम्ही 20 सामने खेळून पाहता आणि 12 जिंकले की ठेवता. ही सवय तुम्ही बदलावी अशी कळकळीची विनंती आहे. 20 पैकी 12 हे 60 टक्के दिसतात, पण इतक्या कमी सामन्यांत त्या डेकची खरी ताकद 40 टक्क्यांच्या खालीही असू शकते आणि 80 टक्केही असू शकते. 52 टक्क्यांचा डेक आणि नाणेफेक यांतला फरक खात्रीने सांगायला सुमारे 2,400 सामने लागतात, जे आपल्यापैकी कोणी एका डेकवर एका महिन्यात खेळत नाही. त्यापेक्षा हरलेल्या सामन्यांत नवे कार्ड हातात अडकून पडले होते का, आणि त्याच्या जागी काढलेले कार्ड असते तर काय झाले असते, एवढे दोनच प्रश्न प्रत्येक वेळी लिहून ठेवा. 20 सामन्यांत याची उत्तरे बऱ्यापैकी मिळतात.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेमुळे मला नव्याने जाणवली. तारे देणे ही माझी मुळातली चूक आहे. आपण लहानपणी बदाम सात खेळलो आहोत. इस्पिकचा पंजा चांगला की वाईट, असे तिथे कोणी विचारत नाही. छक्की कोणाकडे आहे आणि ती कधी पडेल, यावर सगळे असते. एप्रिल 2015 मधला ग्रिम पेट्रन आठवून पाहा. 5 मानाला 3/3, डॅमेज झेलून जगला की आणखी एक पेट्रन. कागदावर महाग आणि मंद. पण 3 किंवा त्याहून कमी अटॅकच्या मिनियन्सना चार्ज देणारी वॉरसाँग कमांडर आधीपासून खेळात होती, आणि तिच्यासोबत तो एका टर्नमध्ये मैदान भरून टाकत असे. ऑक्टोबर 2015 मध्ये कमांडरचा मजकूर बदलला. पेट्रनच्या कार्डावरचे एक अक्षरही हलले नव्हते, तरी तो डेक कोसळला. अशा कार्डाला मी किती तारे द्यायला हवे होते? एप्रिलमध्ये दिलेले ऑक्टोबरमध्ये खोटे ठरले असते, आणि दोन्ही वेळी कार्ड तेच होते.

म्हणून पुढच्या एक्स्पान्शनपासून तारे बंद. त्यांच्या जागी प्रत्येक कार्डापुढे ते कोणत्या डेकमध्ये बसेल, त्यासाठी त्या डेकमधले कोणते कार्ड काढावे लागेल, आणि काय घडले तर माझा अंदाज चुकला असे समजावे, हे लिहीन. चौदा दिवसांनी त्याच पानावर, वरचा मजकूर न बदलता, खाली आकडे जोडीन. आकड्यांना माझा विरोध नाही. फक्त ते आकडे ज्या पहिल्या आठवड्यातून येतात त्या आठवड्यात कोणीतरी न थांबता डेक बांधलेले असतात, आणि ते डेक अजून कच्चे असतात, हे विसरू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जमवलेल्या 1,600 डस्टचा. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे आणि माझ्या जुन्या लेखांतला सल्ला मागे घेते. लेजेंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, कार्ड बनवायला 1,600 लागतात आणि मोडल्यावर 400 परत मिळतात, म्हणजे चुकलेला निर्णय 1,200 ला पडतो. थांबण्याची किंमत मात्र फार तर आठवड्याभराची हौस आहे. तेव्हा पहिल्या दिवशी बनवू नका. पहिला आठवडा जे हातात आहे त्यावर काढा. नंतर एखादे कार्ड दोन-तीन वेगवेगळ्या क्लासच्या डेक्समध्ये दिसू लागले तर ते आधी घ्या, कारण एक डेक पडला तरी दुसऱ्यात ते उपयोगी पडते. आणि पुढे ते दुबळे केले गेले तर त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत ते मोडून पूर्ण डस्ट परत घेता येते. ती मुदत तेवढी चुकवू नका.