ईव्हीएमला ओटीपी लागत नाही

मुंबई उत्तर-पश्चिमचा २०२४ चा लोकसभेचा निकाल अवघ्या ४८ मतांच्या फरकाचा. त्यात गोरेगावच्या मतमोजणी केंद्रात विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाने मोबाइल वापरल्याची तक्रार झाली आणि ‘ओटीपी टाकून ईव्हीएम उघडलं’ अशी आवई उठली. ती अजून फिरतेय.

अहो, ईव्हीएमला ना सिमकार्ड, ना वायफाय, ना ब्लूटूथ. ओटीपी येणार कुठून? मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचं कागदी सील फोडून ‘रिझल्ट’चं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचे आकडे पडद्यावर येतात. समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी ते लिहून घेतात, मतदान केंद्रावर किती मतं पडली याची नोंद असलेल्या १७-सी फॉर्मशी ताडून बघतात. निवडणूक अधिकाऱ्यांच्या खुलाशानुसार, ओटीपी होता तो आकडे आयोगाच्या संगणकप्रणालीत भरण्याच्या लॉगिनचा. मोबाइल आत गेलाच कसा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याबद्दल गुन्हाही नोंदवला गेला.