टाकीला तडा गेला म्हणजे माल बनावट नव्हे

वडोदऱ्यात मकरपुरा आणि नंदेसरीकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘३१६ स्टेनलेस स्टील गंजतच नाही, म्हणून टाकीला तडा गेला तर माल बनावट समजा, शंका आल्यास लोहचुंबक लावून पाहा, तो चिकटला तर माल खोटा, आणि खात्रीच हवी असेल तर सगळ्यांत मजबूत मिश्रधातू घ्या,’ असे त्यात सांगितले आहे. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि जिथे आम्ल, उष्णता आणि माणसे एकाच छपराखाली असतात तिथे ते धोक्याचेही आहेत.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे क्लोराइडपुढे (म्हणजे मिठासारख्या क्षारांतल्या घटकापुढे) ते ३०४ या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडपेक्षा जास्त टिकते, एवढे खरे. परंतु तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि क्लोराइडला ओढीच्या ताणाची साथ मिळाली, की अस्सल ३१६ लाही तडे जातात. यालाच स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात. हा ताण बाहेरून यावा लागतो असेही नाही, कारण वेल्ड थंड होताना धातूत अडकून राहिलेला ताणच पुरेसा असतो. अशा वेल्डशेजारी डाय पेनिट्रंट चाचणी (तड्यांत लाल रंग मुरवून ते शोधण्याची चाचणी) घेतली, तर पांढऱ्या डेव्हलपरवर फांद्या फुटाव्यात तशा बारीक लाल रेषा उमटतात, आणि भोवतालचा पत्रा मात्र चकचकीत असतो. गंज दिसत नाही म्हणूनच बनावटीचा संशय येतो. ‘एल’ ग्रेड, म्हणजे कमी कार्बनचे ३१६एल, घेतल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. कमी कार्बनमुळे वेल्डलगतचा आंतरकणीय गंज (धातूच्या कणांच्या सीमांवरचा गंज) टळतो, क्लोराइडचे तडे टळत नाहीत.

लोहचुंबकाची कसोटी तर उलटीच पडते. डुप्लेक्स २२०५ या स्टेनलेस स्टीलमध्ये जवळपास निम्मा भाग फेराइट (लोहाची चुंबकीय रचना) आणि उरलेला ऑस्टेनाइट (३१६ सारखी, चुंबक न चिकटणारी रचना) असल्याने त्याला चुंबक चिकटतो, आणि क्लोराइडच्या तड्यांना तेच ३१६ पेक्षा कितीतरी चांगले तोंड देते.

मजबुतीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ७०७५ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू टी६ या उष्णताप्रक्रियेच्या अवस्थेत सर्वाधिक मजबूत असते, पण जाड भागात जाडीच्या दिशेने ताण आला की त्याला तडे जाण्याची भीती मोठी. म्हणून ते मुद्दाम अधिक काळ तापवून टी७३ अवस्थेत नेतात आणि तडे टाळण्यासाठी १० ते १५ टक्के मजबुती सोडून देतात. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या कामात साध्या व कमी मिश्रित पोलादाची कठीणता सर्वसाधारणपणे २२ रॉकवेल सी (कठीणता मोजण्याचे एक माप) पर्यंतच चालते, तीही याच कारणाने. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसे अमोनियामुळे तडकत, आणि त्यावर उपाय म्हणून पितळ बदलले नाही, तर तापवून आतला ताण काढला.

तरीही मजबुती आणि टिकाऊपणा एकमेकांचे वैरी नाहीत. ३१६एल चे किमान यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) सुमारे १७० मेगापास्कल, तर २२०५ चे सुमारे ४५०. हा लाभ फेराइट आणि ऑस्टेनाइट यांच्या समतोल रचनेतून मिळतो, आणि वेल्डिंगची उष्णता सांभाळली नाही तर तोच समतोल बिघडतो. त्यामुळे खरेदीच्या कागदावर ग्रेडच्या आधी क्लोराइडचे प्रमाण, चालू तापमान आणि वेल्डिंगची पद्धत लिहिलेली असावी.