नव्या निदेशकास युक्तीच्या चार गोष्टी

अभिनंदन! आयटीआयच्या कार्यशाळेत शिल्प निदेशक म्हणून रुजू झालात, तेही सोलापुरात. गिरण्या गेल्या तरी या गावाचं यंत्राशी असलेलं नातं सुटलेलं नाही. पूर्व भागात मागांचा खडखडाट आहे, चिंचोळीत आणि अक्कलकोट रोडला कारखाने आहेत, आणि त्या सगळ्यांना तुमच्या हाताखालून गेलेली पोरं हवी आहेत. दहाही बोटं शाबूत असलेली मिळाली तर उत्तमच, पण त्यासाठी कुणी अडून बसत नाही.

सुरक्षेची काळजी करू नका. तो भाग अभ्यासक्रमात अगदी सुरुवातीला असतो, म्हणजे एकदा उरकला की वर्षभर मोकळे. पोरांकडून जर्नलमध्ये गॉगल, बूट, हेल्मेट यांची चित्रं काढून घ्या. रंगीत असली तर बरं. खरे गॉगल स्टोअरमध्ये आहेत, पण ते पिशवीतून बाहेर काढायचे नाहीत. ओरखडे पडले तर तपासणीला काय दाखवणार?

आता लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र. चक (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरून फिरणारा पंजा) आवळून झाला की चावी त्यातच राहू द्या, पुढच्याला शोधावी लागत नाही. त्यानं न बघता बटण दाबलं तर ती कुणाच्या दिशेनं सुटेल हे आधी सांगता येत नाही, एवढाच काय तो प्रश्न. हातमोजे मात्र आग्रहानं घालायला लावा, लेथवरही आणि ड्रिलवरही. फिरत्या यंत्रात मोजा अडकला की बोटावर भागत नाही, अख्खा हात ओढला जातो, म्हणून तिथे मोजे घालायचे नसतात. पण फोटो बघणाऱ्या साहेबांना एवढं बारीक कुठे ठाऊक असतं? त्यांना मोजे दिसले की सुरक्षा दिसते.

कपड्यांचं म्हणाल तर इथला उन्हाळा तुम्हाला लवकरच कळेल. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली अॅप्रनची बटणं कोण लावणार? पोरांच्या गळ्यात टॉवेल असतो, आणि सोलापुरात टॉवेलला नाही म्हणणं म्हणजे गावाचा अपमान. तो चकाच्या वर लोंबत असला तर कौतुकानं बघा. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्यानं अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि ते कारखानदारानं पुरवावेत, असं १९४८च्या कारखाना कायद्यात लिहिलं गेलं. पण तुमचा काही कारखाना नाही, तुमची शाळा आहे.

ग्राइंडरकडे विशेष लक्ष द्या, म्हणजे देऊ नका. नवा दगड बसवण्याआधी हलकेच ठोकून ऐकायचा असतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर. आजीसुद्धा माठ वाजवून घेते, पण माठ काही मिनिटाला हजारो फेरे फिरत नाही, त्यामुळे आपल्याला घाई असते. दगड आणि टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) यांच्यातली फट ३ मिलिमीटरच्या वर जाऊ नये म्हणतात. दगड झिजत जातो, फट वाढत जाते, आणि मग एक दिवस जॉब त्यात अडकून आत खेचला जातो. रेस्ट पुढे सरकवायला पाना लागतो. पाना स्टोअरमध्ये असतो. स्टोअरकीपर रजेवर असतो. काय करणार?

वेल्डिंगला काळी काच असलेले हँडशील्ड दोनच आहेत. बाकीच्यांनी मान वळवून उभं राहावं. न राहिलेल्यांचे डोळे रात्री चुरचुरतात, पाणी थांबत नाही. ती पोरं बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात आणि सकाळी गैरहजर राहतात. त्यांना ऐंशी टक्के उपस्थितीची नोटीस काढा.

इलेक्ट्रिशियनच्या कार्यशाळेत तर कौशल्याची कमाल बघाल. प्लग नाही, म्हणून वायरीची दोन टोकं सॉकेटमध्ये खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. त्याच्याच वर भिंतीला तक्ता: ‘विजेचा धक्का लागल्यास करावयाचे उपचार’. ३० मिलिअँपिअरला सुटणारी ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) सारखी सुटते, म्हणजे कुठेतरी गळती आहे हे ती सांगत असते. प्रात्यक्षिकात व्यत्यय नको म्हणून तिला बाजूला ठेवून जोडणी करा. ‘काय होत नाही बे’ हे वाक्य आतापासूनच घोकून ठेवा. या गावात ते परवान्यासारखं चालतं.

वर्षातून एकदा यंत्रांची मनापासून काळजी घेतली जाते, ती खंडेनवमीला. लेथ धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूची माळ. तपासून बघा, माळ बहुतेक लाल रंगाच्या आणीबाणीच्या बटणावरच अडकवलेली असते, कारण अडकवायला तेवढाच उंचवटा असतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी शपथ, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा. पहिल्या नंबराला स्टीलचा डबा द्या.

अग्निशामक सिलिंडर कपाटामागे आहे, म्हणजे धूळ बसत नाही. (मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यावर तिरकस लिहायची माझी हिंमत नाही, म्हणून हा विषय इथेच सोडतो.)

तुम्ही म्हणाल, हे सगळं मी एकटा कसं सांभाळू? समोर तुमची वीस पोरं आहेत, शेजारचे सर बदलून गेले म्हणून त्यांचीही वीस आहेत, आणि मधूनच निवडणुकीच्या कामाचं पत्र येतं. खरं आहे. पद भरायला वर्षं लागतात, कच्च्या मालाचा पैसा मार्चअखेरीस येतो. पण पद रिकामं आहे हे अपघाताच्या अहवालात लिहायचं नसतं, तिथे तसा रकानाच नाही. रकाना आहे तो ‘कारण’ एवढाच. तिथे ‘प्रशिक्षणार्थ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहायचं. दर वेळी हातानं कशाला लिहिता? छापूनच घ्या, आणि नावापुरती जागा मोकळी सोडा.